गाडी कुठं चालली आहे? बेळगावातून लांबच्या प्रवासाला निघण्याआधी

(गाडीला टेकून, बोनेट अजून बंद)

नमस्कार मंडळी. आमच्या मामाचं उद्यमबागेत छोटंसं गॅरेज होतं. शाळेला सुट्टी लागली की माझा मुक्काम तिथं. काम एकच, बॅटरी धरून उभं राहायचं. गाडीची नव्हे हो, हातातली. मामा गाडीखाली, मी वरनं उजेड दाखवणार. उजेड जरा हलला की खालनं आवाज, "झोपलीस काय गं?"

गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "मेस्त्री, लांब जायचंय, गाडी जरा बघून द्या." मामा बोनेटला हात लावायच्या आधी विचारायचा, "कुठं चाललाय?" मला वाटायचं, ह्याला कशाला हव्यात दुसऱ्याच्या चौकश्या! खरं, गिऱ्हाईक "गोवा" म्हणालं की मामा चाकं उतरवायला लागायचा. "पंढरपूर" म्हणालं की रेडिएटरकडं वळायचा. "पुणं" म्हणालं की टायरवरनं तळहात फिरवायचा. ते कोडं मला फार उशिरा उलगडलं.

आपलं गाव आहे घाटमाथ्याच्या कडेला, समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. पश्चिमेला निघालात की गाडी थेट कोकणात नाहीतर गोव्यात उतरते, तिथं परीक्षा ब्रेकची. उत्तरेला कोल्हापूर-पुण्याचा हायवे, तिथं तासन्‌तास वेग, म्हणजे टायर. पूर्वेला अथणी, विजापूर, सोलापूर, उन्हाळ्यात चाळिशीच्या वरचं ऊन, तिथं इंजिन गार ठेवणारी यंत्रणा. गाडी तीच, सर्व्हिसिंग तेच, खरं प्रत्येक रस्ता तिच्या वेगळ्या अवयवावर भार टाकतो. म्हणून आजचा व्हिडिओ दिशेप्रमाणं आहे. "निघण्याआधी पंचवीस गोष्टी तपासा" असली यादी हवी असेल तर ती तुम्हाला कुठंही मिळेल.

(बोनेट उघडत)

दिशेकडं वळण्याआधी, हे सगळं करायचं कधी ते सांगते. आपल्याकडं शनिवारी पहाटे निघायचं असतं आणि शुक्रवारी संध्याकाळी गाडी सर्व्हिसिंगहून घरी येते. धुतलेली, पुसलेली, आत वासाची बाटली लावलेली. घरात सगळे खूश. मला विचाराल तर सर्व्हिसिंग न केलेली गाडी परवडली, आदल्या दिवशी केलेली नको.

काही वर्षांपूर्वी आम्ही जोतिबाला निघालो होतो. मागं सासूबाई, मुलं, डब्यांची पिशवी. आदल्या संध्याकाळीच इंजिन ऑइल बदलून आणलेलं. कुठं, ते विचारू नका. संकेश्वर यायच्या आधीच डॅशबोर्डवर तांबडा दिवा लागला, ऑइलच्या झारीचं चित्र असतंय बघा, तोच. आमचे हे म्हणाले, "पुढं पंप आहे, तिथं बघू." मी म्हटलं, गाडी आत्ता बाजूला घ्या आणि बंद करा. खाली वाकून बघितलं तर ऑइल काढायचा जो तळाचा बोल्ट असतो, तो नुसता हातानं फिरवून ठेवलेला. पान्यानं आवळायचंच राहिलेलं. बेळगावपासून संकेश्वरपर्यंत आम्ही रस्त्याला तेलाचं बोट लावत आलो होतो.

हा तांबडा दिवा नीट समजून घ्या. तो ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो. "थोडं कमी झालंय, पुढं घालू" असा त्याचा अर्थ नाही. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरतो तो बेअरिंगला टेकून फिरत नाही, मधे दाबाखालचा तेलाचा पातळ थर असतो, त्याच्यावर तो तरंगतो. दाब गेला की थर गेला, धातूवर धातू घासला, आणि मग खर्च हजारांत राहत नाही. पिवळा दिवा लागला तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. तांबडा लागला की तिथंच थांबायचं.

म्हणून सर्व्हिसिंग दोन आठवडे आधी. मग रोजच्या वापरात गाडी दीडदोनशे किलोमीटर पळू द्या. हातनं काही सैल राहिलं असेल तर ते ह्याच अंतरात बाहेर येतंय. चाकं उतरवली असतील तर पन्नासेक किलोमीटरनंतर नट परत एकदा आवळून घ्या. एखाद्या रविवारी सकाळी काकतीच्या पुढं वंटमुरीचा घाट चढून उतरून या, घरातली चारपाच माणसं बसवून. परत आल्यावर रात्री इंजिनखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर काळा-तपकिरी डाग म्हणजे ऑइल, हिरवा किंवा गुलाबी डाग म्हणजे कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी. नुसतं पाणी असेल तर एसीचं आहे, सोडून द्या.

(चालकाच्या बाजूला सरकून, ब्रेक ऑइलची डबी दाखवत)

आता पश्चिम. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपली निम्मी ट्रिप गोव्याची असते.

चोर्ला घाटानं जाताना पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. ती तिथनं पूर्वेला निघते आणि आपण पश्चिमेला. पुढं चोर्ला साधारण ८०० मीटरवर, आणि गोव्यातल्या केरीला पोचेपर्यंत गाडी ७०० मीटरच्या आसपास खाली येते. पाच माणसं, सामान, टाकी फुल्ल, असं दीड टनाचं वजन एवढं खाली आणायचं म्हणजे त्यातली शक्ती कुठंतरी जिरवायला पाहिजे. मी हिशेब करून बघितला. फक्त ब्रेकवर उतरलात तर जी उष्णता तयार होईल तिच्यात ३० लिटर गार पाणी उकळेल. म्हणजे एक भरलेला बंब. थोडी शक्ती वारा खातो, थोडी टायर खातात, खरं बाकी सगळा बंब तुमच्या चार चाकांतल्या पॅड आणि लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या तुकड्यांवर, तापतो.

ही उष्णता पुढं जाते ब्रेक ऑइलमध्ये. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, डबी बंद असली तरी हळूहळू. आणि आपल्याकडच्या पावसात हवेत पाण्याला काय तोटा! नवं डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तेच १५५ अंशांवर उकळू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दाबली जाते. तुम्ही पाय दाबता, पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी तशीच पळत राहते.

(डबीकडं बोट दाखवत)

म्हणून ही डबी बघा. नवं ऑइल फिकट पिवळसर असतं, मधाला पाणी घातल्यासारखं. जुनं झालं की चहासारखं काळपट. दोन वर्षं झाली असतील तर रंग काहीही असो, बदलून घ्या. त्याला फार पैसे लागत नाहीत. आणि पातळी खाली गेली असेल तर नुसती वरनं भर घालून मोकळं होऊ नका. एक तर पॅड झिजलेत, नाहीतर कुठंतरी गळती आहे. दोन्ही गोष्टी घाटाआधी कळायला हव्यात. चाकं उतरवून पुढचे पॅड आणि मागचे लायनर डोळ्यांनी बघा. पॅडचा मसाला ३ मि.मी.पर्यंत आला असेल तर "अजून महिनाभर जातील" असं कोणी म्हटलं तरी बदला. गावात फिरायला महिनाभर जातील, घाटाला नाही.

ब्रेक दोन तऱ्हेनं धोका देतात, तो फरक कळायला पाहिजे. पेडल कडक लागतंय खरं गाडी थांबत नाही, तर पॅड जास्त तापलेत. पेडल मऊ होऊन खाली चाललंय, तर ऑइल उकळलंय. पहिल्यात लगेच खालचा गिअर घाला, बाजूला थांबा, अर्धा तास गार होऊ द्या. दुसऱ्यात पेडल पटापट दोनचार वेळा मारा म्हणजे थोडा दाब परत येईल, गिअर उतरवत जा, हँडब्रेक हळूहळू ओढा, झटक्यात नाही. आणि थांबल्यावर तापलेल्या चाकांवर बाटलीतलं पाणी ओतू नका. डिस्क वाकडी होते, ड्रम तडकू शकतो. घाटात किती जण हे पुण्यकर्म करताना दिसतात!

ही वेळ येऊच नये म्हणून जुना नियम, ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा नाहीतर तिसरा. इंजिन ओरडतंय म्हणून घाबरू नका, टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणारा, काटा तांबड्याच्या बराच खाली असेल तर ते त्याचं काम करतंय. ऑटोमॅटिक असेल तर एल, २ किंवा मॅन्युअल मोड काय आहे ते घरीच शोधून ठेवा, घाटात पुस्तक उघडायला वेळ नसतो.

आणि न्यूट्रल. आमचे एक शेजारी काका अभिमानानं सांगतात, "चोर्ल्यातनं न्यूट्रलवर उतरतो, थेंबभर पेट्रोल जाळत नाही." काका, उलटं आहे ओ. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत तुम्ही गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरनं पाय काढला की उतारावर पेट्रोल जवळपास बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला टाकलं की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे पेट्रोलही गेलं आणि इंजिनचा ब्रेकही गेला. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. दोनतीन वेळा पाय दाबला की ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाला मिळणारी मदत, संपतो, स्टिअरिंग जड होतं.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एवढंच. उतारावर मोटर ब्रेकचं काम करते आणि बॅटरी भरते, खरं बॅटरी आधीच १०० टक्के भरलेली असेल तर ती शक्ती ठेवायची कुठं? कणकुंबीत मुक्काम करून सकाळी फुल्ल चार्ज करून घाट उतरायला लागलात तर हा ब्रेक कमी मिळतो. थोडी जागा ठेवा.

अनमोडनं मोलेला उतरा, आंबोलीनं सावंतवाडीला उतरा, हिशेब हाच. आंबोलीला पावसाळ्यात वायपर आणि धुकं एवढी भर. वायपरचं रबर पाण्याचे पट्टे सोडत असेल तर दोन्ही ब्लेड बदला. काच आतनं पुसा, रात्री समोरच्या गाडीचा उजेड त्या चिकट थरावरच पसरतो.

(टायरजवळ खाली बसून)

उत्तर. निपाणी, कोल्हापूर, पुणं. इथं टायर. तुम्ही म्हणाल टायरमध्ये काय, हवा भरली की झालं. खरं हवा किती? टायरच्या बाजूवर जो आकडा छापलेला असतो तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा असतो. तुमच्या गाडीला किती पाहिजे ते इथं, चालकाचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो. त्यात दोन आकडे सापडतील, कमी माणसांना एक आणि भरलेल्या गाडीला एक. आपण सुट्टीला निघतो ते भरलेलेच निघतो, तेव्हा दुसरा आकडा आपला.

हवा गार टायरमध्ये मोजायची. हायवेवर तासभर पळून आल्यावर पंपावर मोजली तर दाब वाढलेला दिसतो, पोरगा म्हणतो "जास्त आहे" आणि काढून टाकतो. टायर गार झाला की हवा कमी. आणि कमी हवाच धोक्याची. टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते, सरळ होते, वाकते. ते वाकणं म्हणजे उष्णता. ताशी शंभरच्या वेगानं दोन तास वाकत राहिला की आतले थर सुटायला लागतात. मग लोक म्हणतात, सिमेंटच्या रस्त्यामुळं टायर फुटला. बऱ्याचदा तो घरून निघतानाच फुटायच्या वाटेवर असतो. नायट्रोजन भरायची मात्र सक्ती नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, दर पंधरवड्याला मोजून भरलेली फुकटची हवा मला पुरते.

टायरचं वय बघा. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२१ लिहिलं असेल तर २०२१ सालचा २३वा आठवडा. नक्षी चांगली दिसते, गाडी कमी पळालीय, तरी टायर सहासात वर्षांचा झाला की रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात. नक्षीच्या खाचेत मधे उंचवटा असतो, खाच झिजून त्याच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मि.मी. उरली. ती कायद्याची किमान मर्यादा. पावसात जायचं असेल तर तिथपर्यंत वाट बघू नका.

उत्तरेचा दुसरा धोका गाडीत नाही, रस्त्यावर आहे. नोव्हेंबरपासून गळीत हंगाम सुरू झाला की संकेश्वर, निपाणी, चिकोडी, सगळीकडं ट्रॅक्टरला दोनदोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. त्यासाठी हेडलाइट. मागं माणसं आणि सामान बसलं की गाडीचं नाक वर होतं आणि उजेड झाडावर जातो. स्टिअरिंगच्या आसपास कुठंतरी ० ते ३ आकड्यांचं छोटं चक्र असतं, बऱ्याच जणांनी ते जन्मात फिरवलेलं नसतं. गाडी भरली की आकडा वाढवा, उजेड खाली येतो.

(परत बोनेटकडं)

पूर्व. अथणी, जत करून पंढरपूर, नाहीतर विजापूर, सोलापूर, तुळजापूर. मे महिन्यात दुपारी एसी चालू, गाडी भरलेली. इथं कूलंट. ही टाकी बघा, इंजिन गार असताना पातळी दोन रेघांच्या मधे पाहिजे. कमी असेल तर नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओतू नका. आपल्या घरच्या हिटरच्या कांडीवर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण. रस्त्यात अडलात तर साधं पाणी चालतं, जीव वाचवायला. घरी आल्यावर काढून टाका.

गार इंजिनवर रबरी पाइप दाबून बघा. लुसलुशीत झाला असेल किंवा भेगा असतील तर बदला. रेडिएटरच्या जाळीत धूळ, किडे, उसाची पाचट अडकलेली असते, ती कमी दाबाच्या पाण्यानं धुवा, नाहीतर पत्र्याच्या नाजूक पाकळ्या वाकतात. मग गाडी जागेवर चालू ठेवून एसी लावा आणि पंखा फिरतोय का ऐका. हायवेवर वारा मिळतो म्हणून बंद पंखा कळत नाही. तो कळतो वारीच्या दिवसांत, पंढरपूरच्या गर्दीत.

काटा वर चाललाच तर एसी बंद, हिटर फुल्ल, पंखा फुल्ल. होय, मे महिन्यात हिटर. इंजिनची थोडी उष्णता तुमच्या अंगावर येते, खरं इंजिन वाचतं. मग सावलीला थांबा. आणि झाकण उघडू नका. आत दाब असतो, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही कूलंट उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. मामाच्या डाव्या मनगटावर त्याचा डाग होता. उघडलं होतं गिऱ्हाइकानं, भाजला मामा.

राहिलेलं पटकन सांगते. बॅटरी, ही गाडीची. रात्रभर उभ्या गाडीवर मीटर लावला तर १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करून परत तपासा. इंजिन चालू केल्यावर साधारण १४. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा. शेतात, गोठ्याजवळ, कडब्याच्या गंजीशेजारी गाडी लावत असाल तर वायरी बघा, उंदीर आधी तिथंच घर करतो. फास्टॅगमध्ये पैसे, विमा, आणि आपण जिला एमिशन म्हणतो ती पीयूसी, तारीख बघून. गोव्याला जाताना, कोल्हापूरला जाताना राज्य बदलतं, केए २२ ची पाटी लांबनं दिसते. फोनमध्ये ११२ आणि राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ ठेवा.

(डिक्की उघडत)

आणि स्टेपनी. ही सगळ्यात शेवटी सांगायचं कारण आपण ती सगळ्यात शेवटी बघतो, सामान भरून झाल्यावर, म्हणजे बघतच नाही. सामान भरायच्या आधी बाहेर काढा. जॅक कुठं आहे, पाना कुठं आहे. चाकाचा एक नट घरीच सोडवून बघा. टायरच्या दुकानात हवेच्या गननं नट इतके आवळतात की गाडीतल्या वीतभर पान्यानं हलत नाहीत. हलत नसेल तर लांब दांड्याचा पाना घ्या. एका चाकाला चोर-नट, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून खास चावीनंच सुटणारा नट, असेल तर त्याची चावी बघा, ती हमखास घरच्या ड्रॉवरमध्ये असते.

ही माझी स्टेपनी. गेल्या दिवाळीनंतर मी हिला हात लावलेला नाही, खोटं कशाला बोलू. आता तुमच्यासमोरच मोजते.

(गेज लावते, कॅमेऱ्याला दाखवते)

अकरा. पाहिजे तेहतीस, आहे अकरा पीएसआय. वहिनींना फोन करून सांगते, उद्या सकाळी नाही, जरा उशिरा निघू. आधी पंक्चरवाल्याकडं जाते.